गाडी निवेपर्यंत

घाट चढून आलेली बस डेपोत लागली की बाकीचे ड्रायव्हर चावी फिरवत, दार आपटत आणि कँटीनकडे सुटत. हा एकटाच बसून राही. प्रवासी उतरून गेलेले, इंजिन मंद आवाजात चालू, आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघतोय. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. डेपोतल्या लोकांनी त्याचं नाव निवांतराव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या खिडकीवरचा कारकूनही त्याला त्याच नावाने हाक मारू लागला.

खरं तर निवांतपणाशी या माणसाचा काडीचाही संबंध नव्हता. जेवताना पहिला घास गिळायच्या आत दुसरा तोंडाशी. सिनेमाला गेला तर शेवट व्हायच्या आधी दाराशी उभा. न्हाव्याकडे रांग असली की तसाच वाढलेल्या केसांनी परत. सगळा धीर त्याने एका जागी राखून ठेवला होता, तो म्हणजे घाट चढून आलेल्या गाडीसाठी.

याचं कारण होतं टर्बो. डिझेल इंजिनाला जोर यावा म्हणून त्याच्या कडेला एक लहानसं पात्यांचं चाक बसवलेलं असतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या झोताने ते फिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. घाट चढताना ते तापून लाल होतं आणि इतक्या वेगाने फिरतं की आकडा सांगितला तर लोकांना थाप वाटते. इंजिन चालू असतं तोवर त्या चाकाच्या दांड्याभोवती तेल वाहत राहतं; तेच त्याला सांभाळतं, तेच त्याची धग काढून नेतं. तापलेल्या गाडीची चावी फिरवली की तेल जागच्या जागी थांबतं, धग मात्र तशीच राहते. मग ते थांबलेलं तेल तिथेच करपतं, त्याची काळी खरपुडी धरते, आणि रोज थोडी थोडी साचत एक दिवस सगळं जाम होतं. म्हणून चढण संपली की गाडी उभी करायची, पाचेक मिनिटं मंद चालू ठेवायची, निवू द्यायची आणि मग बंद करायची. एवढं कळायला काही शहाणपण लागत नाही. डेपोतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पोटात कावळे ओरडत असताना पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसणं वेगळं.

लग्न नवीन होतं तेव्हा बायकोने एकदा विचारलं होतं, की सगळ्यांचे नवरे घरी येतात, तुम्हीच रोज कुठे रेंगाळता? तिच्या आवाजातला संशय ओळखून त्याने दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये बसवून आणली आणि डेपोत आल्यावर केबिनमध्ये आपल्या शेजारी बसवली. टर्बो, तेल, खरपुडी, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तळाला लागलेल्या दुधासारखंच की, वरून काही दिसत नाही. त्याला भारी कौतुक वाटलं. आपल्या गाड्या धुणाऱ्यांना इतकी वर्षं सांगून जे कळलं नाही ते हिला एका दमात कळलं, असं तो पुढे बरीच वर्षं चारचौघांत सांगत असे. गाडी निवेपर्यंतची ती मिनिटं हाच त्याचा संसारातला एकुलता एक अपराध होता आणि तिने तो माफ करून टाकला होता.

त्याच्या बसवर कंडक्टर होता त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कामाला लावला तो यानेच. आधी सामान चढवायला, मग तिकिटं फाडायला. मोठी गाडी चालवायलाही यानेच शिकवलं. सुट्टीच्या दिवशी डेपोच्या मागच्या मैदानात. लायसन मिळालं तेव्हा मेहुण्याच्या आधी यालाच रडू आलं. आता मेहुणा एखादी सीट रिकामी होण्याची वाट बघत होता, आणि ड्रायव्हर लोक काही पटकन सीट सोडत नाहीत.

दोघांचं चांगलं जमत असे. घाटात मेहुणा मागून वळणं आधीच सांगे, जणू काही याला ती पाठ नव्हती. हा म्हणे, गप बस, नाहीतर उतरवून ढकलायला लावीन.

मग याला तो आजार झाला. पुरुषांच्या उतारवयातला, चारचौघांत न बोलण्याचा. लघवी तुंबायची. लागली असं वाटायचं, जाऊन उभं राहिलं तर होत नसे, आणि परत येऊन सीटवर बसलं की कळ सुरू. डॉक्टरने तपासलं आणि म्हणाला, प्रोस्टेट वाढलंय, ऑपरेशन करून टाका, अंगावर काढलंत तर मूत्रपिंडावर जाईल. याने मान डोलावली आणि घरी येऊन गोळ्यांचं पाकीट कपाटात कपड्यांखाली ठेवलं. ऑपरेशन म्हणजे रजा, आणि रजा घेतली की दुसरा कुणीतरी आपल्या सीटवर बसणार. एकदा दुसऱ्याचं बूड त्या सीटवर टेकलं की परत मिळाली म्हणायची सोय नाही, हे त्याने इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्याने फक्त बायकोला सांगितलं आणि तिला शपथ घातली, की हे कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नये, तुझ्या भावालासुद्धा नाही.

एका दुपारी घाटातल्या वरच्या वळणावर कळ अशी आली की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारलं. भानावर आला तेव्हा गाडीचं नाक कठड्याच्या दिशेला होतं. त्याने सावरली. मागे बसलेल्या कुणाला काही कळलंही नाही. एक बाई तर पोराला गोष्ट सांगत होती ती तशीच सांगत राहिली. हेही त्याने बायकोलाच सांगितलं. सांगितल्यावर त्याला हलकं वाटलं आणि तो झोपला. ती झोपली की नाही हे त्याने पाहिलं नाही.

पण आता डेपोत आल्यावर पाच मिनिटं बसून राहणं त्याला अशक्य झालं. गाडी लावली की धावतच सुटायचं, वर्कशॉपच्या मागच्या संडासाकडे. तापलेली गाडी बंद करून जाणं हे त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने मेहुण्याला सांगितलं, की माझं पोट जरा बिघडलेलं असतं, मी जातो, तू माझ्या जागी बस आणि निवली की बंद कर. मेहुणा म्हणाला, त्यात काय दाजी, तुम्ही जा बिनघोर.

परत यायला याला चांगला वेळ लागे. येऊन बघतो तर गाडी बंद, मेहुणा चाव्या बोटाभोवती फिरवत पायरीवर उभा. हा दरवेळी विचारी आणि मेहुणा दरवेळी सांगे, की पूर्ण बसलो, उष्णतेचा काटा खाली आला मग बंद केली. एकदा तर म्हणाला, "दाजी, तुमच्यापेक्षा जास्तच बसलो आज. लोक मला निवांतराव धाकटे म्हणायला लागलेत." हा हसला. दुखत असूनही हसला.

काही महिन्यांनी गाडीत बारीकशी शिट्टी ऐकू येऊ लागली. चढावर पाय दाबला की एक लांब, किरटा आवाज. मग आरशात निळसर धूर. याने वर्कशॉपला दोनदा सांगितलं. त्यांनी फिल्टर बदलला आणि म्हणाले, तुमच्या गाडीला काय होणार निवांतराव, तुमचीच तर या डेपोतली सगळ्यात लाडावलेली. त्यालाही ते पटलं. ज्या गोष्टीला आपण इतकी वर्षं जपलं ती बिघडली असेल हे मनात तरी कसं यावं?

शेवटी एके दिवशी घाटाच्या मध्यावर गाडीचा जोरच गेला. मागे काळ्यानिळ्या धुराचा लोट, आणि प्रवासी नाकाला रुमाल लावून रस्त्याच्या कडेला. दुसऱ्या गाडीने ओढून आणावी लागली. फोरमनने टर्बो खोलला, दांडा बोटाने हलवून पाहिला, आत बोट फिरवलं आणि ते काळंकुट्ट बोट सगळ्यांना दाखवलं.

फोरमन म्हणाला, "हे एका दिवसाचं नाही. ही गाडी महिनोन्महिने तापलेलीच बंद होत आलीय."

बसगाड्यांच्या मालकाने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. गाड्या धुणाऱ्या दोघांना विचारलं. ते खोटं बोलायची माणसं नव्हती आणि खोटं बोललेही नाहीत. म्हणाले, हल्ली निवांतराव गाडी लावतात, उडी मारून पळतात, आणि गाडी लगेच बंद झालेली असते. मेहुण्याला विचारलं तर तो बुटांकडे बघत म्हणाला, की दाजींना हल्ली धीर धरवत नाही, आता मी काय बोलणार.

हे ऐकून याच्या कानशिलात कुणीतरी वाजवावी तसं झालं. मालकाने त्याच्याकडे वळून विचारलं, की गाडी लावल्याबरोबर तुम्ही उतरता हे खरं आहे का. तो म्हणाला, खरं आहे. मालकाने विचारलं, का? आता याचं उत्तर द्यायचं तर आजार सांगावा लागणार होता, आणि आजार सांगितला की सीट गेलीच. शिवाय मेहुण्याचं नाव घ्यायचं तर त्या पोराची नोकरी जाणार, त्याची दोन लहान मुलं, आणि घरी बायकोला तोंड काय दाखवायचं? आळशी आहे गाढव, त्याने मनात म्हटलं. कंटाळा केला आणि आता घाबरून माझ्यावर ढकलतोय. भेटू दे बाहेर.

"माझ्याकडून झालं," तो मालकाला म्हणाला.

मालकाने समोरची वही मिटली. मग म्हणाला, की दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं. याची रवानगी फाटकावर झाली. गाड्या आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या. घाटाची सवय असलेला दुसरा माणूस हाताशी नव्हता म्हणून सीट मेहुण्याला मिळाली. बाहेर आल्यावर याने मेहुण्याला गाठून बोलायचं ठरवलं होतं, पण मेहुणा सायकल काढून कधीच निघून गेला होता.

फाटकावरचे दिवस फार वाईट गेले. नवीन भरती झालेल्या ड्रायव्हरांना फोरमन तो जळका टर्बो दाखवी आणि फाटकाकडे बोट करून काहीतरी सांगे. काय सांगत असेल हे याला ऐकू येत नसे, पण पोरं वळून बघत ते दिसे. निवांतराव हे नाव लोकांनी सोडलं नाही. फक्त आता ते म्हणताना हसत. सीट गेली हे त्याने एकवेळ गिळलं असतं. पण ज्या एका गोष्टीत आयुष्यात कधी कुचराई केली नाही तीच आपल्या नावावर लागावी, हे घशाखाली उतरेना. तरी तो स्वतःची समजूत घालत राहिला, की पोरगा आहे, आळस केला, शरमेने तोंड चुकवतोय, येईल एक दिवस पाया पडत.

गाडी नवा टर्बो बसवून बाहेर आली. पहिल्या दिवशी मेहुण्याने ती घाट चढवून आणली, फाटकातून आत घेतली, नेहमीच्या जागी लावली. प्रवासी उतरले. याने कान टवकारले. इंजिन चालूच होतं. मेहुणा सीटवर बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर काट्यावर. नवा कंडक्टर खालून काहीतरी ओरडला, त्याला त्याने हातानेच थांब म्हणून सांगितलं. काटा खाली आला तरी आणखी थोडा वेळ बसला आणि मग बंद केली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि केबिनचं छत गळत होतं, तरी तेच.

तिसऱ्या दिवशी याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आळशी माणूस सीट मिळाली म्हणून एका रात्रीत असा बदलत नाही. मेहुण्याला बसता येत होतं. शिकवल्यासारखं, तंतोतंत बसता येत होतं. म्हणजे आधी बसला नाही तो मुद्दाम.

भर दुपारी फाटक शेजारच्याच्या हवाली करून तो घरी आला. बायको पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत बसली होती.

"तुझ्या भावाने केसाने गळा कापला माझा," तो म्हणाला. "कंटाळा नव्हता तो. जाणूनबुजून जाळली त्याने गाडी, सीटसाठी."

तिने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्याला काही बोलू नका. त्याला मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"तुम्ही उतरलात की तापलेलीच बंद कर म्हणून."

तो मटकन पलंगावर बसला, कपड्यांवरच. ती सांगत गेली. त्या वळणाचं ऐकल्यापासून तिला संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. घाटाच्या बाजूने कसलाही आवाज आला की हातातलं टाकून दाराशी जायची. ऑपरेशनचं काढलं की हा अंगावर यायचा. मालकाशी बोला म्हटलं की म्हणायचा, सीट गेली तर मी मेलो असं समज. तुम्ही एकटे मेला असतात तर नशीब म्हटलं असतं, ती म्हणाली, मागे बाकी सगळे बसलेले असतात, त्यांची मुलं असतात. मग तिने विचार केला. असं काय झालं तर मालक यांना स्वतःहून उतरवील? आणि तिला त्या केबिनमधली दुपार आठवली, नव्या लग्नातली. भावाला तिने कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की त्यांची गाडी चालवायची वेळ संपलीय आणि ते मान्य करणार नाहीत, तू एवढं कर आणि सीट घरातच राहू दे.

मेहुण्याच्या डोक्यातून असली गोष्ट निघणारच नव्हती, हे त्याला आत्ता कळलं. त्या गाढवाला एवढी अक्कल असती तर कधीच ड्रायव्हर झाला असता. ही युक्ती ज्याला गाडी कळते आणि निवांतरावही कळतो अशाच माणसाची होती, आणि असं माणूस जगात एकच होतं.

"मालकाला जाऊन आजाराचं सांगायचंस," तो म्हणाला. "त्याने त्याच दिवशी उतरवलं असतं. माझं नाव तरी राहिलं असतं."

"तुम्ही शपथ घातली होती," ती म्हणाली. "ती मी मोडली नाही. भावाला पण नाही सांगितलं."

आणि हे ती अगदी मनापासून बोलत होती, यातच सगळं आलं. आता अशा बाईला माणसाने काय म्हणावं? शब्द पाळला, जीव वाचवला, आणि मधल्यामध्ये माणसाचं जे काही होतं नव्हतं ते धुऊन टाकलं. तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडायला समोरचा शत्रू असावा लागतो. त्याला फक्त इतकं एकटं वाटलं की त्याने उठून चपला घातल्या आणि जायला जागा नाही हे लक्षात आल्यावर दाराशीच काढून ठेवल्या.

पुढच्या आठवड्यात दुखणं इतकं वाढलं की ऑपरेशन करावंच लागलं. आता अडवायला सीटही नव्हती. तिसऱ्या दिवशी मालक दवाखान्यात भेटायला आला, हातात फळांची पिशवी. खुर्ची ओढून बसला, डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारलं, आणि म्हणाला, की एवढं दुखत होतं तर मला सांगायचं होतं, आम्ही काय परके आहोत का? मग म्हणाला, "म्हणजे त्या टर्बोचंही कारण हेच म्हणायचं? बसवत नव्हतं म्हणून बंद करून पळायचात? की कुणाला बसायला सांगितलं होतंत?"

बायको पलंगाच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसली होती. तिने पदर बोटाभोवती गुंडाळला आणि मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. नाव परत मिळायला एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. गेले कितीतरी दिवस तो तेच मनात घोळवत होता. पण ते बोललं की फोरमन नव्या पोरांना यापुढे फाटकाऐवजी याच्या घराकडे बोट दाखवणार होता.

"नाही," तो म्हणाला. "मीच बंद करत होतो."

मालकाने सुस्कारा सोडला, असो म्हणाला, लवकर बरे व्हा म्हणाला आणि गेला. दार लागल्यावर ती रडायला लागली. मी आत्ता जाऊन सांगते, ती म्हणाली, अजून जिन्यावरच असतील. तो म्हणाला, बस खाली. ती बसली. मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा त्याने तो काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला खोलीत नको होती. पण अंगात नळ्या होत्या, पोट ओढत होतं, आणि थोड्या वेळाने पाठीला रग लागली तेव्हा कूस बदलायला त्याला तिलाच हाक मारावी लागली.